जुनं काढल्याशिवाय नवीन चिकटवू नका: पिकअपच्या केबिनचं अस्तर

आजचा भाग नेहमीसारखा कोड आणि सर्व्हरचा नाही. आज आपण पिकअप उघडणार आहोत. माल वाहायची साधी पिकअप, आणि तिचं केबिन आतून. टपाखालचं कापड, दरवाजाचे पॅड, पायाखालची मॅट आणि तिच्याखालचा नमदा, हे सगळं काढायचं आणि पुन्हा बसवायचं. बोललेलं जसंच्या तसं लिहून काढलंय, फक्त पसारा आवरलाय. त्यामुळे काही वाक्यं बोलल्यासारखीच वाटतील. चालवून घ्या.

आधी हे काम का काढलं ते सांगतो.

आमचं गाव धाराशिव जिल्ह्यात, वाशी तालुक्यात. अण्णा, म्हणजे माझे वडील, पिकअप चालवतात. कांदा, भाजीपाला, सोयाबीन, जे भाडं मिळेल ते. रात्री माल भरायचा, येरमाळा, येडशी, धाराशिव, तुळजापूर करत पहाटे सोलापूरच्या मार्केटला पोचायचं आणि माल उतरवून भर उन्हात परत यायचं. मी पुण्यात बसून एसीत कोड लिहितो. उन्हाळ्यात दोन आठवडे घरून काम करायला गावी आलो आणि एका फेरीला अण्णांसोबत गेलो. येताना तुळजापूरच्या पुढं माझं डोकं दुखायला लागलं. टपाचा पत्रा डोक्यावर तव्यासारखा तापलेला, इंजिनाचा आवाज कानात, आणि मधूनच धुराचा वास. मी म्हटलं, "अण्णा, हे रोज कसं सहन करता?" ते म्हणाले, "सवय हाय." घरी आल्यावर आई मात्र म्हणाली, "सवय कसली? घरात बी वरडूनच बोलायलेत. टीव्हीचा आवाज बघ किती लागतोय."

इथं एक सरकारी नियम सांगतो. १ ऑक्टोबर २०२५ पासून बनणाऱ्या ट्रकांच्या केबिनला एसी सक्तीचा झाला आहे. पण तो एन-२ आणि एन-३ या वर्गांना, म्हणजे एकूण वजन साडेतीन टनांच्या वर असणाऱ्या मालगाड्यांना. त्याखालच्या पिकअप आणि छोटा हत्तीसारख्या गाड्या त्यात येत नाहीत. जुन्या गाड्यांचा तर प्रश्नच नाही. म्हणजे या ड्रायव्हरांचं ऊन त्यांचं त्यांनीच बघायचं.

मी काय केलं? इंजिनिअर माणूस, लगेच ऑनलाइन फोमचा रोल मागवला. एका बाजूला चांदीसारखा चकचकीत कागद, दुसऱ्या बाजूला डिंक. गाडी कुशनवाल्याकडं नेली. तो म्हणाला, "वरूनच मारू की. काढायबिढायची भानगड कशाला? दोन तासांत होतंय." मलाही ते पटलं. फक्त माप घ्यायचं म्हणून ड्रायव्हरच्या बाजूची मॅट उचलली.

खालचा नमदा ओला होता. पावसाळा संपून सहा महिने झालेले, बाहेर मे महिन्याचं ऊन, आणि नमदा दाबला तर पाणी यायचं. तो सोलून काढला तर खालचा पत्रा पापुद्र्यासारखा सुटत होता. स्क्रू ड्रायव्हरचं टोक नुसतं टेकवलं आणि ते आरपार गेलं. खालची जमीन दिसली. नेमकं तिथंच, जिथं अण्णा ब्रेक दाबताना टाच टेकवतात.

मी तसाच फोम वरून चिकटवला असता तर ते भोक झाकलं गेलं असतं. गाडी आतून छान दिसली असती, आवाजही थोडा कमी झाला असता, आणि पत्रा आणखी दोन पावसाळे गुपचूप कुजत राहिला असता. या भागात सांगायची मुख्य गोष्ट हीच: अस्तर सगळं झाकतं, दोषसुद्धा. म्हणून जुनं पूर्ण काढून खालचं बघितल्याशिवाय नवीन घालायचं नाही.

तीन शत्रू, तीन औषधं

दुकानात गेलं की "साउंडप्रूफ-हीटप्रूफ" असं एकच शीट दाखवतात. पण केबिनमधला त्रास तीन प्रकारचा असतो आणि प्रत्येकावर वेगळा इलाज आहे.

पहिला, पत्र्याची थरथर. पातळ पत्र्यावर बोटानं वाजवा, डब्यासारखा 'टण्ण' आवाज येतो. इंजिन आणि रस्ता त्याला सतत असंच वाजवत असतात. यावर ब्युटाइल रबराचं शीट लागतं, वरून अ‍ॅल्युमिनियमची पातळ पट्टी असलेलं. पत्रा वाकायला गेला की मधलं चिकट रबर ताणलं जातं आणि थरथरीची ताकद त्यात जिरून जाते. पुन्हा वाजवा, 'थप' असा मेलेला आवाज येतो. हे सगळ्या पत्र्यावर लावायची गरज नसते. मोकळ्या पत्र्याच्या मधोमध, साधारण पाव भाग झाकला तरी बराचसा फायदा मिळतो. उगाच सगळीकडं लावलं तर वजन वाढतं. २ मिलिमीटरचं शीट चौरस मीटरला ३ ते ४ किलो भरतं. स्वस्तात डांबराची शीट मिळतात, पण आपल्याकडच्या उन्हात ती मऊ पडतात आणि टपावरून सुटून खाली येतात.

दुसरा शत्रू उष्णता. दुपारच्या स्वच्छ उन्हात एका चौरस मीटरवर साधारण १००० वॉट ऊर्जा पडते. म्हणजे टपाच्या प्रत्येक चौरस मीटरवर एक इस्त्री चालू आहे असं समजा. पत्रा तापतो आणि खाली डोक्यावर ती धग फेकतो. म्हणून काच उघडी ठेवून वारा घेतला तरी डोकं तापतंच. यावर लागतो बंद पेशींचा फोम, म्हणजे ज्याच्या आतले हवेचे बुडबुडे एकमेकांपासून बंद असतात. एसीच्या पाइपांवर काळं नायट्राइल रबर गुंडाळलेलं असतं ना, तसला. स्थिर हवा उष्णता फार हळू पुढं जाऊ देते, आणि असा फोम म्हणजे पकडून ठेवलेली हवाच.

त्या चकचकीत कागदाचं काय? तो कामाचा आहे, पण एका अटीवर. त्याच्या चकचकीत बाजूसमोर हवेची मोकळी फट हवी. तो धग परत फेकतो आणि स्वतःही फार कमी फेकतो, हे फटीमुळंच शक्य होतं. दोन थरांच्या मध्ये दाबून टाकला तर तो नुसता धातूचा पातळ पत्रा, उष्णता सरळ पुढं पाठवणारा. मी मागवलेला रोल नमद्याखाली दाबून टाकला असता तर त्या चांदीचा काडीचा उपयोग झाला नसता.

तिसरा शत्रू हवेतून येणारा आवाज. इंजिनाची घरघर, टायरचा, वाऱ्याचा आवाज. हा फटींमधून येतो. म्हणून आधी फटी बुजवायच्या, मग जड थर द्यायचा, आणि दरवाजा-टपाच्या पोकळीत पॉलिएस्टरच्या धाग्यांची, पाणी न धरणारी गादी भरायची. जड थराचं वजन दुप्पट केलं की आवाज साधारण ६ डेसिबलनं कमी होतो. पण एक बोटभर भोक उघडं राहिलं तर हा सगळा हिशेब बिघडतो.

कानांचं म्हणाल तर अमेरिकेतल्या निऑश या संस्थेची शिफारस अशी आहे: ८५ डेसिबलचा आवाज दिवसात ८ तासांपेक्षा जास्त नको, आणि पुढं प्रत्येक ३ डेसिबलला ही वेळ निम्मी करायची. ८८ ला ४ तास, ९१ ला २ तास. आईचं टीव्हीबद्दलचं वाक्य इथं आठवा. गेलेलं ऐकू येणं परत येत नाही.

काढायचं कसं

सुरुवात बॅटरीची निगेटिव्ह तार काढून. नव्या गाडीत एअरबॅग असेल तर तार काढल्यावर मॅन्युअलमध्ये दिलेला वेळ थांबा, आणि एअरबॅगच्या वायरी, ज्यांचे कनेक्टर बहुतेक पिवळे असतात, त्यांना हात लावू नका. काचेच्या बाजूच्या खांबात किंवा टपाच्या कडेला पडद्यासारखी एअरबॅग असेल तर त्या भागात काहीही भरायचं नाही. ते काम कंपनीच्या माणसालाच द्या.

प्रत्येक गोष्ट उघडण्याआधी फोटो काढा. स्क्रूंसाठी मी आईचं इडलीपात्र घेतलं. एका खणात एका भागाचे स्क्रू, ज्या क्रमानं काढले त्या क्रमानं. आई अजून त्यावरून बोलते, पण एकही स्क्रू हरवला नाही.

टप: आधी सन व्हायझर, धरायचा दांडा, आतला दिवा, मग दरवाजाच्या कडेचं रबरी बीडिंग आणि खांबांवरची प्लास्टिकची झाकणं. मग पुठ्ठ्याची छत सैल होते. दोघांनी धरून, न वाकवता दरवाजातून तिरकी काढायची. आमच्या छताचं कापड पोटासारखं लोंबत होतं. कारण कापडामागं जो पातळ फोम असतो तो उष्णता आणि दमटपणानं कुजून पिवळा भुगा होतो. वरून टाचण्या मारून किंवा सोल्युशन लावून तो धरत नाही. भुगा ब्रशनं पूर्ण काढूनच नवीन कापड चिकटवावं लागतं. तोंडाला मास्क बांधा.

दरवाजा: काच खालीवर करायच्या हँडलमागं एक छोटी तारेची क्लिप असते. फडक्याची कड आत घालून दोन्हीकडं घासलं की ती उडते. कुठं पडते तिकडं लक्ष ठेवा. मग स्क्रू, मग कडेच्या क्लिपा. प्लास्टिकची पट्टी घालून क्लिपेच्या जवळच उचला, नाहीतर पॅड फाटतो. आत एक पॉलिथिन चिकटवलेलं दिसेल. ते कचरा समजून फाडू नका. काचेवरून दरवाजात उतरणारं पावसाचं पाणी केबिनमध्ये येऊ नये म्हणून ते असतं. आमच्या गाडीत आधी कुणीतरी स्पीकर बसवताना ते फाडून टाकलं होतं. ओल्या नमद्याचं अर्धं कारण तिथंच सापडलं.

फरशी: सीटचे बोल्ट, उंबऱ्याच्या पट्ट्या, मग मॅट आणि नमदा. सीटबेल्टचा बोल्ट काढला तर बसवताना टॉर्क पान्यानं, मॅन्युअलमध्ये दिलेल्या ताकदीनंच आवळायचा. तो बोल्ट म्हणजे जीव आहे.

पाणी आणि धूर शोधणे

आता अर्धं कारण उरलं होतं. इथं मला माझा धंदा उपयोगी पडला. बग शोधताना एका वेळी एकच गोष्ट बदलायची. पाणी वरून ओतलं तर ते सगळीकडूनच खाली येतं आणि काही कळत नाही. म्हणून खालून सुरुवात. अण्णा आत टॉर्च घेऊन बसले, मी बाहेर पाइप घेऊन. आधी चाकाच्या वरचा भाग, मग दरवाजाची खालची कड, मग बिजागरी, मग पुढच्या काचेची खालची कड. काचेच्या कोपऱ्यावर पाणी गेलं आणि आतून आवाज आला, "आलं, आलं! इथनं गळायलंय!" काचेचं रबर कोपऱ्यात चिरलं होतं.

त्यात आपल्याकडची काळी माती. चपलांना चिकटून आत येते, नमद्यात बसते आणि ओल सोडत नाही. वरून रबरी मॅट. पाण्याला आत यायला वाट आहे, बाहेर जायला नाही. पत्रा कुजणार नाही तर काय.

धुराचाही शोध घेतला. इंजिन आणि केबिन यांच्यामधल्या पत्र्यातून हॉर्नची एक वायर नेली होती, भोक पाडून तसंच सोडलेलं, रबरी ग्रोमेट नाही. त्या पत्र्यापलीकडं सायलेन्सर पाइपचा जॉइंट फुंकत होता. म्हणजे धूर थेट आत. डोकं दुखणं आणि झापड येणं ही धुराचीही लक्षणं असू शकतात, आणि रात्री गाडी चालवणाऱ्याला झापड म्हणजे काय ते सांगायला नको. त्यातल्या कार्बन मोनॉक्साइडला तर वासही नसतो. हे अस्तरानं बरं होणारं दुखणं नाही. आधी जॉइंट बदलायचा, मग भोकाला ग्रोमेट घालायचं.

पत्रा आधी, फोम नंतर

वेल्डिंगची सगळी कामं फोम लावण्याच्या आधी. नमदा, मॅट, वायरी बाजूला घेतल्याशिवाय आणि खालून डिझेलची व ब्रेकची नळी कुठून जाते ते बघितल्याशिवाय ठिणगी पाडायची नाही. बॅटरीची तार काढलेलीच हवी. आमच्या वेल्डिंगवाल्यानं कुजका भाग चांगला पत्रा लागेपर्यंत कापला. भोक हाताएवढं झालं. मी घाबरलो. तो म्हणाला, "सडक्याला टाका धरत नसतोय." नवीन पत्र्याचं ठिगळ मारलं, घासलं, प्रायमर, रंग, आणि जोडावर खालून सीलंट. दोन दिवस उन्हात दरवाजे उघडे ठेवून गाडी वाळवली. अण्णांची दोन भाडी बुडाली. ते काही बोलले नाहीत, पण मला ते जाणवत होतं.

सामान घेताना दोन चाचण्या

पाण्याची चाचणी: फोमचा तुकडा वजन ठेवून रात्रभर बादलीत बुडवा. सकाळी पिळा. पाणी निघालं तर तो उघड्या पेशींचा. गादीला चालेल, पिकअपच्या फरशीला नाही.

आगीची चाचणी: छोटा तुकडा पकडीत धरून, मोकळ्या जागेत, धुरापासून लांब राहून काडी लावा. काडी काढल्यावर विझला पाहिजे. थेंब थेंब जळत खाली पडला तर घेऊ नका. थर्माकोल तर अजिबात नको. गाडीच्या आतल्या सामानासाठी आपल्याकडं आयएस १५०६१ हे मानक आहे. अमेरिकेत १९७२ पासून लागू असलेल्या नियमात आग मिनिटाला १०२ मिलिमीटरपेक्षा वेगानं पसरता कामा नये. विकत घेताना बिलावर किंवा पाकिटावर अशा मानकाचा उल्लेख आहे का बघा. घरची काडी ही नुसती चाळणी, प्रमाणपत्र नव्हे.

बसवायचं कसं

पत्रा थिनरनं पुसून कोरडा करा. धूळ राहिली तर काहीच धरत नाही. आधी ब्युटाइलचे तुकडे, छोट्या रोलरनं दाबून, खालची हवा काढून. त्यावर बंद पेशींचा फोम: टपाला ६ ते १० मिलिमीटर पुरे, त्यापेक्षा जाड घातला तर पुठ्ठ्याची छत परत बसत नाही. उन्हात उभ्या राहणाऱ्या गाडीच्या टपाला साधं सोल्युशन सुटतं, जास्त उष्णता सोसणारं मागा.

दरवाजाच्या तळाला पाणी जायची भोकं असतात. ती बुजवू नका. पॉलिथिन नवीन, अखंड लावा.

फरशीवर पॅडलखाली जाड थर अजिबात नको. बसवून झाल्यावर ब्रेक, क्लच, अ‍ॅक्सिलेटर शेवटपर्यंत दाबून बघा, आणि मॅट सरकत नाही याची खात्री करा. ब्रेक अर्ध्यात फोमला अडला तर मग सगळी मेहनत वाया.

गाडीखाली सायलेन्सर जवळून जातो तिथं आतून फोम चिकटवून भागत नाही. तिथं बाहेरून, फट ठेवून बसवलेला धातूचा आडपडदा लागतो. टाटा एससारख्या गाडीत इंजिनच सीटखाली असतं. तिथं झाकणाच्या कडेचं रबर नीट असणं हे कुठल्याही फोमपेक्षा महत्त्वाचं, आणि झाकणाच्या आतून कंपनीनं दिलेलं अस्तरच वापरा.

काय मिळालं, काय नाही

खोटं सांगणार नाही. केबिन एसी झालं नाही. पुढच्या काचेतून ऊन येतंच, आणि गाडी दुपारभर उन्हात उभी केली तर आत भट्टी होतेच. अस्तर उष्णता अडवतं, संपवत नाही. उभ्या गाडीच्या काचेला आतून पुठ्ठा लावणं अजूनही सगळ्यात स्वस्त औषध आहे.

पण टपाची डोक्यावरची धग गेली. धूर गेला. सगळं झाल्यावर पहिल्या फेरीला मी पुन्हा सोबत गेलो. येडशीच्या पुढं अण्णांना व्यापाऱ्याचा फोन आला. त्यांनी नेहमीसारखं "हॅलोऽऽ" म्हणून मोठ्यानं सुरुवात केली आणि मध्येच थांबले. स्वतःचा आवाज स्वतःलाच मोठा वाटला असावा. मग हळू आवाजात म्हणाले, "थांब, गाडी बाजूला घेतो, मग बोलू."

सोलापूरहून परत आलो की कानाच्या डॉक्टरांकडं जायचं, हेही त्याच फेरीत ठरलं. कारण पत्रा कापून नवीन बसवता येतो. कानाचं तसं नाही.

तुमच्या घरी कुणी पिकअप, टेम्पो, छोटा हत्ती चालवत असेल तर या रविवारी फक्त एक काम करा. ड्रायव्हरच्या बाजूची मॅट उचला आणि खाली हात लावून बघा. कोरडं असेल तर उत्तम, चहा प्या. ओलं असेल तर फोम मागवू नका. आधी पाणी कुठून येतंय ते शोधा.

भेटू पुढच्या भागात. तोवर काळजी घ्या, आणि ड्रायव्हरचीही घ्या.